उत्तर ओंटारियोची लहान तळी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या अंकासाठी आलेले बहुतेक प्रश्न एकाच प्रकारच्या सहलीबद्दल आहेत. कोक्रेन, कापुस्केसिंग, हर्स्ट या बाजूच्या एखाद्या आडवाटेच्या तळ्यावर फ्लोट-प्लेननं (पाण्यावर उतरणाऱ्या विमानानं) किंवा लाकूडतोडीच्या कच्च्या रस्त्यानं पोचायचं, चार-पाच दिवस केबिनमध्ये राहायचं, मासे धरायचे आणि मुलांना पाण्यात खेळू द्यायचं. ओंटारियोत अडीच लाखांहून अधिक तळी आहेत, पण आकड्यावर जाऊ नका. उत्तरेची तळी कॅनेडियन शील्ड या अतिप्राचीन कठीण पट्ट्याच्या खडकात बसलेली आहेत. पाणी थंड, त्यात पोषक फॉस्फरस अगदी कमी, आणि वर्षातले सहा-सात महिने वर बर्फ. अशा पाण्यात मासा फार सावकाश वाढतो. ४० सेंटिमीटरचा वॉलाय पाच वर्षांचा किंवा त्याहून मोठा असू शकतो, आणि चांगला जाडजूड लेक ट्राउट वीस वर्षांचा. खालच्या उत्तरांत ‘किती ठेवायचे, कोणते सोडायचे’ हे वारंवार येतं, ते यासाठी.

प्रश्न : शाळा सुटल्यावर लगेच जावं की ऑगस्टमध्ये? आम्ही दोघं, मुलं ६ आणि ११ वर्षांची. (ब्रॅम्प्टन)

मासेच धरायचे असतील तर जून, आणि मुलं सोबत असतील तर ऑगस्टचा पहिला पंधरवडा.

वॉलायला कॅनडात पुष्कळ लोक ‘पिकरेल’ म्हणतात. त्याचा हंगाम उत्तरेच्या बऱ्याच विभागांत मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो. पाणी ६ ते ९ अंशांवर आलं की हा मासा ओढ्यांच्या मुखाशी आणि उथळ खडकाळ जागी अंडी घालतो, आणि त्यानंतर काही आठवडे तिथेच रेंगाळतो. जूनमध्ये तो दोन-तीन मीटर पाण्यात सापडतो, त्यामुळे नवख्यालाही मिळतो. जुलैत वरचं पाणी तापतं आणि तळ्यात थर पडतात. मग वॉलाय चार ते सात मीटरांवर, पाणवनस्पतींच्या कडेला किंवा पाण्याखालच्या खडकांवर जातो आणि संध्याकाळी पुन्हा वर येतो. लेक ट्राउट तर सरळ खालच्या गार थरात उतरतो.

जूनची अडचण म्हणजे काळ्या माश्या. मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत त्या दिवसभर चावतात. रात्री आणि घरात त्रास देत नाहीत. डासांचं उलट असतं. दोघांनाही गडद रंग आवडतो, म्हणून फिक्या रंगाचे लांब बाह्यांचे कपडे घ्या आणि पँटचे पाय मोज्यांत खोचा. मुलांसाठी २० टक्के इकारिडिनचं, माश्या-डास दूर ठेवणारं औषध बरं. डीट वापरायचं असेल तर हेल्थ कॅनडाच्या सल्ल्यानुसार १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना १० टक्क्यांपर्यंतचंच लावावं. डीटनं प्लॅस्टिक विरघळतं, त्यामुळे हात पुसल्याशिवाय गळाची दोरी किंवा चष्मा हाताळू नका.

ऑगस्टमध्ये माश्या गेलेल्या असतात, पाणी पोहण्याजोगं होतं, जंगलात ब्लूबेरी पिकलेली असते आणि १२-१३ तारखेच्या आसपास पर्सीड उल्का दिसतात. मासे कमी मिळतील, पण पहाटे आणि सूर्यास्ताच्या तासाभरात बसलात तर जेवणापुरते नक्की मिळतात.

प्रश्न : पुण्याहून आईबाबा येताहेत, दोघंही ६५ च्या वरचे. ज्येष्ठांना मासेमारीचा परवाना लागत नाही असं ऐकलं. खरं का? (मिसिसागा)

अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी दंड होऊ शकतो. १८ वर्षांखालच्या आणि ६५ किंवा त्याहून अधिक वयाच्या ज्या लोकांना ओंटारियोत परवाना काढावा लागत नाही, ते कॅनडाचे रहिवासी असावे लागतात. भेटीला आलेले आईबाबा रहिवासी नाहीत, म्हणून त्यांना अनिवासी परवाना लागतो, वय काहीही असो. एकाच दिवसाचा परवाना काढला तर आउटडोअर्स कार्ड (परवान्यासोबतचं सरकारी ओळखपत्र) लागत नाही. त्याहून जास्त दिवसांसाठी दोन्ही लागतात. भारतातून आलेली १८ खालची भाचेमंडळी परवाना असलेल्या माणसासोबत गळ टाकू शकतात, मात्र त्यांचे मासे त्या माणसाच्या मर्यादेत मोजले जातात.

तुमचा स्वतःचा परवाना दोन प्रकारचा असू शकतो, स्पोर्ट किंवा कन्झर्वेशन. दुसरा स्वस्त असतो, पण ठेवता येणारे मासे कमी. कोक्रेन-कापुस्केसिंगचा भाग मासेमारीच्या विभाग ८ मध्ये येतो. तिथे वॉलायची मर्यादा स्पोर्टवर ४ आणि कन्झर्वेशनवर २, आणि त्यांतला एकच ४६ सेंटिमीटरपेक्षा मोठा चालतो. जाण्यापूर्वी त्या वर्षाच्या नियमपुस्तिकेत आपला विभाग काढा आणि त्याखालची अपवादांची यादीही वाचा; काही तळ्यांना स्वतःचे वेगळे नियम असतात. दुपारी तळून खाल्लेला मासाही त्या दिवसाच्या मोजणीत धरला जातो. ‘तो तर पोटात गेला’ असं अधिकाऱ्याला सांगून चालत नाही.

केबिनऐवजी सरकारी जमिनीवर तंबू टाकणार असाल तर आणखी एक गोष्ट. कॅनडाच्या रहिवाशांना एका जागी वर्षात २१ दिवसांपर्यंत फुकट राहता येतं. पण फ्रेंच आणि मट्टावा नद्यांच्या उत्तरेला अनिवासींना त्यासाठी वेगळा परवाना काढावा लागतो. आईबाबांसाठी तोही काढा.

प्रश्न : वडील दापोलीला खाडीवर हातदोरीनं मासे धरायचे. मला रॉड-रीळ नवीन आहे. वॉलाय आणि पाइक दोन्हींसाठी नेमकं काय घेऊ, आणि गळ कसा खेळवू? (स्कार्बरो)

हातदोरीवरचा हात असेल तर अर्धं काम झालंय, कारण जिगची, म्हणजे वजनदार डोक्याच्या गळाची, मासेमारी बोटांच्या जाणिवेवरच चालते.

साडेसहा ते सात फुटांचा, मध्यम ताकदीचा स्पिनिंग रॉड, २५०० आकाराचं रीळ आणि ८ पौंडी मोनोफिलामेंट (एकाच धाग्याची नायलॉनची) दोरी. हे एवढं दोन्ही माशांना पुरतं. जिग ३.५ आणि ७ ग्रॅमचे, प्रत्येकी १०-१२ घ्या, कारण ते खडकात अडकून जाणारच. त्यांवर तीन इंची मऊ रबरी शेपट्या : पांढरी, पिवळसर हिरवी आणि तपकिरी. तीन मीटरपर्यंतच्या पाण्यात आणि शांत हवेत हलका जिग, वारा असेल किंवा खोल जायचं असेल तर जड.

गाठ अशी बांधा. दोरीचं टोक जिगच्या डोळ्यातून ओवून मूळ दोरीभोवती पाच-सहा वळसे घ्या. टोक डोळ्याजवळच्या लहान फासातून घाला, मग नव्यानं झालेल्या मोठ्या फासातून परत काढा. थुंकीनं ओलं करून हळू आवळा. कोरडी आवळली तर घर्षणानं दोरी तापते आणि नेमकी तिथेच तुटते. विणलेली, म्हणजे ब्रेडची दोरी असेल तर ही गाठ सरकते. तिला पालोमार गाठ मारा.

जिग टाका आणि तळाला टेकू द्या. टेकला की ताणलेली दोरी एकदम ढिली पडते. मग रॉडचं टोक २०-३० सेंटिमीटर उचला आणि पुन्हा खाली न्या, पण दोरी किंचित ताठ ठेवूनच. वॉलाय बहुतेक वेळा जिग खाली जाताना घेतो आणि तेव्हा फक्त टिचकी मारल्यासारखं लागतं किंवा दोरी जड वाटते. ढिल्या दोरीवर हे कळतच नाही. लागलं की मनगटानं वर झटका द्या, सगळा हात फेकू नका. तळच सापडत नसेल तर जड जिग लावा. दर वेळी टाकल्यावर अडकत असेल तर हलका.

पाइकचे दात दोरी कापतात. त्याच्यासाठी जिगऐवजी ‘स्पून’, म्हणजे चमच्याच्या आकाराचं चमकतं आमिष लावा आणि मध्ये २०-३० सेंटिमीटरची तारेची लीडर घाला. फिरणारं आमिष आणि दोरी यांच्यामध्ये भोवरकडी हवीच, नाहीतर दोरीला पीळ बसून रिळावर गुंता होतो. पीळ बसलाच तर आमिष काढून नुसती दोरी चालत्या बोटीमागे पन्नास मीटर सोडा आणि पाच मिनिटांनी गुंडाळा, पीळ उतरतो.

कुठे टाकायचं? वारा ज्या काठावर येऊन आपटतो तिथे. वारा लहान मासे तिकडे ढकलतो आणि लाटांमुळे खाली उजेड कमी पोचतो. वॉलायच्या डोळ्यात प्रकाश परतवणारा पडदा असतो, त्यामुळे मंद उजेडात त्याला भक्ष्यापेक्षा चांगलं दिसतं. गुळगुळीत पाणी आणि लख्ख ऊन असेल तर तेवढा वेळ पाइकमागे लागा.

शिशाच्या वजनांऐवजी टंगस्टन किंवा कथलाचं घ्या, असं आम्ही आग्रहानं सांगू. शिशाचा लहान तुकडा गिळून लून पक्षी विषबाधेनं मरतात. राष्ट्रीय उद्यानांत ५० ग्रॅमखालची शिशाची वजनं आणि जिग यांना बंदीच आहे.

प्रश्न : केबिनसोबत ९.९ हॉर्सपॉवरची मोटर लावलेली बोट मिळते. ती सुरू होत नाही अशी तक्रार खूप ऐकली. काय बघायचं? (लंडन, ओंटारियो)

बहुतेक वेळा मोटर बिघडलेली नसतेच, एखादी पायरी सुटलेली असते. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा. तो बंद राहिला तर मोटर सुरू होऊन दहा मिनिटांत मरते, कारण टाकीत पोकळी तयार होऊन पेट्रोल ओढलं जात नाही. नळीवरच्या रबरी फुग्याचा बाण मोटरकडे आहे ना ते पाहा आणि फुगा घट्ट लागेपर्यंत दाबा. गिअर न्यूट्रलला ठेवा. लाल दोरीची सुरक्षा-क्लिप जागेवर बसवा. सगळ्यांत जास्त वेळ हीच राहून गेलेली असते. थंड मोटरला चोक ओढा, थ्रॉटल ‘स्टार्ट’च्या खुणेवर आणा. दोरी आधी हळू ओढा, अडते तिथपर्यंत, मग जोरात. सुरू झाली की चोक आत ढकला.

पाच-सहा वेळा ओढून पेट्रोलचा वास यायला लागला तर आत पेट्रोल तुंबलंय. चोक बंद करा, दहा मिनिटं थांबा, थ्रॉटल पूर्ण उघडून ओढा.

मागून पाण्याची बारीक धार पडत राहिली पाहिजे. ती थांबली तर ताबडतोब मोटर बंद करा. पाणी आत घेणाऱ्या जाळीत शेवाळ अडकलेलं असतं. मोटरचा आवाज वाढतो पण बोट पुढे जात नाही, असं झालं तर पंखा खडकावर आपटून आतली शिअर पिन (धक्का बसला की मुद्दाम तुटणारी) किंवा पंख्याचा रबरी हब गेलाय. पिनची मोटर असेल तर केबिनवाल्याकडून दोन जादा पिना आणि पक्कड आधीच मागून घ्या.

मोटर चालवणाऱ्याकडे बोट चालवता येत असल्याचा पुरावा हवा, उदाहरणार्थ प्लेझर क्राफ्ट ऑपरेटर कार्ड. प्रत्येकाला अंगाच्या मापाचं लाइफजॅकेट, १५ मीटरची तरंगती दोरी, वल्हं, पाणी उपसायचा डबा, शिट्टी आणि पाणी न शिरणारी विजेरी, एवढं बोटीत असलंच पाहिजे. लाइफजॅकेट बोटीत नुसतं ठेवू नका, अंगावर घाला. जूनच्या पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं, पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि गारठ्यानं शुद्ध हरपायला सुमारे तास लागतो. हा हिशेब मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिस्ब्रेख्ट यांनी मांडला आहे. बुडणारे बरेच जण त्या पहिल्या अकरा मिनिटांतच जातात, पट्टीचे पोहणारेही. उघड्या बोटीत बिअरही घेऊ नका. कायद्यानं बंदी आहे, आणि मदत यायला इथे काही तास लागू शकतात.

प्रश्न : मोठा मासा सोडून दिला तरी तो मरतो, मग सोडायचा कशाला? (ओटावा)

मरतो तो बहुतेक वेळा आपल्या हातून. मोठी वॉलाय जवळपास नेहमी मादी असते आणि लाखो अंडी देते. लहान तळ्यात अशा मोजक्याच असतात. म्हणून ३५-४० सेंटिमीटरचे खायला ठेवा आणि त्यापुढचे सोडा, नियम काहीही परवानगी देवो.

सोडायचाच असेल तर हात ओले करा, रबरी जाळी वापरा, पाण्यातच पकडीनं गळ काढा. कल्ल्यांत बोट घालू नका, नुसत्या जबड्यानं उभा टांगू नका. गळ घशात खोल गेला असेल तर ओढू नका, दोरी कापा.

खोलीचा मुद्दा फार जणांच्या लक्षात येत नाही. वॉलायची हवेची पिशवी घशाला जोडलेली नसते. नऊ-दहा मीटरहून खोलवरून पटकन वर आणली की पिशवी फुगते, आणि सोडलेला मासा पाण्यावर उलटा तरंगत राहतो. लेक ट्राउटला घशातून हवा बाहेर टाकता येते, त्यामुळे तो खोलातून आला तरी सावरतो. तेव्हा सोडून द्यायचे म्हणून वॉलाय धरत असाल तर खोल पाणी टाळा. खोलातच लागत असतील तर जेवणापुरते ठेवून थांबा. साखळीला लावलेला मासा मोजणीत आला. नंतर मोठा मिळाला म्हणून त्याला सोडून अदलाबदल करता येत नाही.

प्रश्न : गोड्या पाण्याच्या माशाला वास येतो म्हणून घरात कुणी खात नाही. पाइकमध्ये तर काटे फार. काही उपाय? आणि एकदा पर्चच्या मांसात पिवळे दाणे दिसले, फेकून दिला. (वॉटर्लू)

थंड, स्वच्छ पाण्यातल्या वॉलायला मातकट वास नसतो. पांढरं, घट्ट, पाकळ्या सुटणारं मांस. बांगड्याची चव शोधू नका, बोंबलाइतकं मऊही नाही. वास येतो तो बोटीत तासभर उन्हात पडलेल्या माशाला. धरल्यावर लगेच कल्ले कापून रक्त जाऊ द्या, बर्फावर ठेवा.

कल्ल्यामागे तिरका छेद कण्यापर्यंत द्या, सुरी आडवी वळवा आणि कण्याला घासत शेपटीपर्यंत न्या. तुकडी शेपटीशी जोडलेलीच ठेवून उलटी करा, मग मांस आणि कातडीमधून सुरी चालवा. फासळ्यांचा भाग कापून काढा. पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात मधल्या रेषेवर बारीक काटे लागतील; दोन्ही बाजूंनी छेद देऊन ती पट्टी काढून टाका. गालांचे दोन गोल तुकडे विसरू नका, सगळ्यांत चवदार तेच.

पाइकचे इंग्रजी ‘वाय’च्या आकाराचे काटे पाठीच्या स्नायूंत, डोक्यापासून पाठीवरच्या परापर्यंत असतात, शेपटीकडचा भाग मोकळा असतो. म्हणून शेपटीकडच्या दोन तुकड्या आधी वेगळ्या करा, त्या मुलांना द्या. उरलेल्या भागाला तीन-तीन मिलिमीटरवर आडव्या चिरा द्या आणि कडकडीत तेलात तळा. काटे तुकडे होऊन कुरकुरीत होतात.

अर्धा किलो तुकड्यांना पाऊण चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, दीड चमचा तिखट, आलं-लसणाचं वाटण आणि एक चमचा कोकमाचं आगळ. दहा मिनिटं पुरेत. हे मांस सुरमईपेक्षा नाजूक आहे, आंबटात जास्त राहिलं तर तव्यावर फुटतं. दोन भाग बारीक रवा, एक भाग तांदळाचं पीठ लावून तळा. बाहेर चुलीवर करणार असाल तर आधी त्या भागात आग बंदी आहे का पाहा, आणि चूल उघड्या खडकावरच मांडा. उत्तरेच्या जंगलातली काळी माती म्हणजे अर्धवट कुजलेला पालापाचोळा. ती आतल्या आत धुमसते आणि दोन दिवसांनी वीस फुटांवर पेटू शकते. भरपूर पाणी ओता, ढवळा, हात लावून गार झाल्याची खात्री करा.

पिवळे दाणे म्हणजे एका कृमीची अळी. बगळ्यासारखे पक्षी, गोगलगाय आणि मासा असं तिचं चक्र चालतं. नीट शिजवल्यावर ती निरुपद्रवी आहे. सुरीनं काढून टाका आणि खा. खरी काळजी कच्च्या माशाची घ्या. पाइक आणि वॉलायमधून माणसाला फीतकृमी होतो, म्हणून इथले मासे कच्चे किंवा नुसते लिंबात मुरवून खाऊ नका.

पाऱ्याचंही लक्षात असू द्या. दुर्गम तळ्यातही पारा हवेतून येतो आणि मासा जितका मोठा व म्हातारा तितका तो जास्त साठतो. ओंटारियो सरकार तळ्यानुसार, माशानुसार आणि लांबीनुसार महिन्याला किती वेळा खावं याचे तक्ते देतं. लहान मुलांचे आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांचे रकाने वेगळे आहेत.

घरी नेताना तुकड्यांवर कातडीचा मोठा तुकडा राहू द्या आणि त्या मोजता येतील अशा वेगवेगळ्या ठेवा. गोठलेला एकच गोळा केलात तर कोणता मासा, किती, हे तपासणाऱ्याला कळणार नाही.

प्रश्न : मुलांना पोहताना अंगावर पुरळ उठतं का? पाणी पिता येतं का? (मार्कम)

उथळ, कोमट, पाणवनस्पती असलेल्या जागी उठू शकतं. पक्ष्यांमधल्या एका परजीवीची अळी कातडीत शिरते आणि तिथेच मरते. चार-सहा दिवस खाज येते, पुढे काही होत नाही. पाण्यातून बाहेर येताच टॉवेलनं खसखसून पुसलं तर बराच बचाव होतो. तळ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी एक मिनिट खळखळून उकळल्याशिवाय पिऊ नका. बीव्हरसारख्या प्राण्यांमुळे त्यात जियार्डिया हा पोट बिघडवणारा परजीवी असू शकतो.

प्रश्न : फ्लोट-प्लेननं जाताना सामान कसं भरावं? (हॅमिल्टन)

माणशी वजनाची मर्यादा ठरलेली असते आणि धक्क्यावर खरोखर काटा असतो. तुमचं स्वतःचं वजनही खरं सांगा. बहुधा विमान डी हॅविलँड बीव्हर असेल, १९४७ पासूनचं, सामानाची जागा वेडीवाकडी. कडक सुटकेस आणि मोठा कूलर त्यात नीट बसत नाही. मऊ पिशव्या, प्रत्येकी १०-१२ किलोच्या, भराव्यात. अस्वलासाठीचा स्प्रे आणि स्टोव्हचा गॅस पिशवीत दडवू नका, वैमानिकाच्या हातात द्या. स्प्रे विमानाच्या आत फुटला तर त्याला दिसणार नाही. वैमानिक या वस्तू बहुधा विमानाच्या तरंगत्या पायातल्या कप्प्यात ठेवतो.

तांदूळ, डाळ, कणीक, पोहे यांचं वजन आधी मोजा. डबे, बाटल्या टाळा. परतीच्या दिवशी धुकं किंवा ढग खाली असले तर विमान येत नाही. दोन दिवसांचा जादा शिधा आणि रोजच्या औषधांच्या तितक्याच जादा गोळ्या ठेवा. मोबाइलला रेंज नसते, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भाड्यानं घ्या आणि निघण्यापूर्वी घरूनच त्यावरून एक संदेश पाठवून पाहा. वर्गणी चालू केलेली नसेल तर ते तिथे गेल्यावर कळून उपयोग नाही.